पाय टेकतील इतकी खाली

आमच्या कंपनीत कोणाला मोटरसायकल उंच पडायला लागली की त्याला माझ्याकडे पाठवतात. "क्वालिटीतल्या सरांना विचार, त्यांनी करून घेतलंय," असं सांगून. परवा एक नवी ट्रेनी मुलगी जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. भावाची जुनी गाडी तिच्याकडे आली होती आणि तिचे पाय पुरत नव्हते.

"सर, शॉकअप खाली करून घेतले तर चालतं का? तोटा काय होतो?"

मी तिला माहीत होतं ते सगळं सांगितलं. पाय टेकतात, गर्दीत जीव घाबरा होत नाही, हा मोठाच फायदा. पण गाडीचं पोट जमिनीजवळ येतं. वळणावर पाय ठेवायचा दांडा लवकर घासतो. साइड स्टँड लांब पडतो, मग गाडी कलायच्या ऐवजी सरळ उभी राहते आणि जरा वारं आलं की पडते. डबल स्टँडवर घ्यायला कंबर मोडते. करायचंच असेल तर पुढचं आणि मागचं दोन्ही सारखं खाली घ्यायला सांग आणि मेकॅनिकला स्प्रिंग मात्र कापू देऊ नको.

मग मी विचारलं, "तुझ्या मागे कोणी बसतं का?"

"आई बसते कधी कधी. बाजारात जाताना."

"मग जरा थांब," मी म्हणालो. ती थांबली, पण तेवढ्यात भोंगा झाला आणि आम्ही दोघंही कामाला लागलो. थांब का म्हणालो ते सांगायचं राहिलं. जेवणाच्या सुट्टीत सांगण्यासारखं ते नव्हतंही.

मी मूळचा लातूर जिल्ह्यातला, एका तालुक्याच्या गावचा. वडिलांचं एसटी स्टँडच्या मागे इस्त्रीचं दुकान आहे. आमच्या घरात सगळे बुटके. वडिलांच्या सायकलची सीट अगदी तळापर्यंत दाबलेली असायची, तरी थांबायचं असलं की ते आधी एक पाय दांडीवरून आणून उडी मारायचे. शाळेत मी कायम पहिल्या रांगेत उभा. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट पुढच्या बाकावर बसल्यामुळे गणित नीट कळलं असं मी आजही मानतो. त्या गणिताच्या गुरुजींनी वडिलांना दुकानात येऊन सांगितलं, "याला इंजिनियरिंगला घाला," आणि वडिलांनी घातलं. घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. पदवीदान समारंभाला वडील माझा काळा झगा इस्त्री करून घेऊन आले होते. झगा कॉलेजचा होता, भाड्याचा, पण त्याला सुरकुत्या होत्या म्हणून त्यांनी आदल्या दिवशीच तो मागून घेतला होता.

चाकणला एका लहान कंपनीत नोकरी लागली. गाड्यांचे लोखंडी ब्रॅकेट बनवणारी कंपनी. खोली भोसरीत मिळाली, जुन्या गावठाणातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर. खोलीत दोन खाटा होत्या आणि दुसऱ्या खाटेवर आधीच एक जण होता. आमच्याच कंपनीत मेंटेनन्सला. सातारा जिल्ह्यातला, डिप्लोमा केलेला आणि दारातून आत येताना मान वाकवावी लागेल इतका उंच. पहिल्या दिवशी त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याला त्यात फार वेळ लागला नाही.

"बरं झालं," तो म्हणाला. "खाट लहान हाय ती. मला पुरत न्हवती."

आम्ही एकमेकांना पार्टनर म्हणायचो. भोसरीत खोली वाटून घेणारे सगळेच एकमेकांना तेच म्हणतात.

कंपनीला बस नव्हती. दुपारचं ठीक होतं, राजगुरुनगरकडे जाणारी बस मिळायची आणि चाकणच्या चौकातून पुढे शेअर रिक्षा. पण पहाटे पहिल्या शिफ्टला जायचे आणि रात्री दुसऱ्या शिफ्टहून यायचे हाल होते. म्हणून आम्ही दोघांनी मिळून एक जुनी मोटरसायकल घेतली. पसंत त्याने केली. गाडी उंच, दणकट, खड्ड्यात गेली तरी दाद न देणारी. मला कोणतीही गाडी सारखीच होती, कारण मला चालवताच येत नव्हती.

ती त्यानेच शिकवली. मोशीकडच्या एका मोकळ्या मैदानावर तो माझ्या मागे बसायचा. माझे चवडे कसेबसे जमिनीला लागायचे, त्याचे पाय मात्र मागून दोन्ही बाजूंना भक्कम टेकलेले असायचे. गाडी त्याच्या पायांवर उभी राहायची आणि मला वाटायचं, मी उभी ठेवली आहे.

"क्लच सोड. हळू सोड रं, साप धरल्यावानी काय धरलंयस!"

मी शिकलो. कंपनीचे सेफ्टी शूज जाड तळाचे असतात, ते घातले की अंगठ्यांच्या जोडीला बाकीची बोटंही टेकायची. म्हणून मी सुट्टीच्या दिवशी बाजारातसुद्धा सेफ्टी शूज घालून जायचो.

तोपर्यंत आम्ही एकाच शिफ्टमध्ये होतो. मग आमच्या डोक्यात एक हिशेबी विचार आला. दोघं एकत्र गेलो-आलो तर गाडी दिवसभर कंपनीत उभी राहते. त्यापेक्षा उलट्या शिफ्ट घेतल्या तर? पहिल्या शिफ्टवाल्याने पहाटे गाडीने जायचं आणि सुटल्यावर बसने परत यायचं. दुसऱ्या शिफ्टवाल्याने दुपारी बसने यायचं आणि रात्री तीच गाडी घेऊन घरी जायचं. दोन्ही अडचणीच्या वेळा एका गाडीत निघतात. शिवाय खोलीवर कोणी ना कोणी असतं, पाण्याची वेळ चुकत नाही, स्वयंपाक एकाने केला की दुसऱ्याला गरम करून घेता येतो. मी हे त्याला एखादं उदाहरण सोडवून दाखवावं तसं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "डोकं हाय लेका तुला." आम्ही दोघं मिळून सुपरवायझरकडे गेलो आणि उलट्या शिफ्ट मागून घेतल्या. असा अर्ज घेऊन आलेले आम्हीच पहिले असं सुपरवायझर म्हणाला. लोक मित्राबरोबर शिफ्ट मागायला यायचे.

त्या दिवसापासून आम्ही भेटायचो ते दुपारी तीन वाजता, कंपनीच्या पार्किंगच्या पत्र्याखाली. एक सुटलेला, एक आलेला. गेटबाहेरच्या टपरीवर अर्धा अर्धा चहा. किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात.

"पेट्रोल हाय. ब्रेक जरा ढिला वाटतोय, बघून ठेव."

"भात झाकून ठेवलाय. आमटीत मीठ कमी आहे."

"कमी हाय का टाकलंच न्हाईस?"

एवढंच. मग मी आत जायचो आणि तो बस पकडायला. दर सोमवारी अदलाबदल. सुट्टीच्या दिवशी दोघं खोलीवर असू असं वाटायचं, पण कोणाला तरी ओव्हरटाइम असायचाच, आणि नसला तर एक जण झोपलेला असायचा. एका खोलीत राहूनही मला तो जास्त कळायचा तो गाडीवरून. सीटवर रेक्झिनचा वास यायचा की ग्रीसचा, यावरून त्याचा दिवस कसा गेला ते कळायचं. आणि आरशांवरून. त्याच्या उंचीला लावलेल्या आरशांत मी बसल्यावर मागचा रस्ता दिसायचाच नाही. वरचं आभाळ दिसायचं, विजेच्या तारा, एखाद्या कंपनीचं धुराडं. गाडी हातात आली की मी आधी दोन्ही आरसे खाली करायचो. त्याच्याकडे गेली की तो वर करायचा. माझ्या आरशांत त्याला स्वतःची छाती दिसते असं तो म्हणायचा. आम्ही किती वर्षं हे केलं, त्याचा कधी कंटाळा आल्याचं आठवत नाही.

मग आमच्याच कंपनीचा गुजरातमध्ये नवा प्लांट निघाला. मशीन बसवून लाइन चालू करून द्यायला मेंटेनन्सची काही माणसं पाठवायची होती. त्यात त्याचं नाव आलं.

"सहा महिनं," तो टपरीवर म्हणाला. "लाइन चालू केली की परत. गाडी संभाळ. आणि ते आरसं काय खाली करायचं ते करून घे एकदाचं, आता कोण वर करत न्हाई."

त्याचं जॅकेट दारामागच्या खिळ्यावर राहिलं, खाटेवर गुंडाळलेली गादी राहिली. ज्या अर्थी गादी ठेवून गेला, त्या अर्थी परत येणार, असं मी धरलं.

सहा महिने झाले. लाइन चालू झाल्याचं कंपनीतच कळलं. तो आला नाही. फोनवर म्हणायचा, अजून थोडं काम आहे. घरमालकीण मावशी भोसरीच्या जुन्या गावातल्या. त्या जिन्यावर भेटल्या की विचारायच्या.

"दुसरा पोरगा कवा येनार हाय? का न्हाईच येनार?"

"येणार आहे, मावशी."

"न्हाई, म्हंजी खोली दोघांची हाय. येकटं मानूस किती दिस ऱ्हानार? कुनी दुसरा बघू का?"

"नको, तो येतोय."

त्या माझ्याकडे बघायच्या आणि "व्हय का, बरं" म्हणून खाली जायच्या. त्यांना भाड्याची काळजी नव्हती. मी जिन्यावरून जाताना कोणाशीच बोलत नाही हे त्यांच्या लक्षात आलं होतं.

मी आता जायला आणि यायला दोन्ही वेळा गाडीवर होतो. बसमध्ये निदान शेजारी माणूस बसायचा. पूर्वी माझ्या वाट्याला पहाटेचा आणि रात्रीचा मोकळा रस्ता येई. आता दुपारची चाकणची गर्दीही आली. चौकात कंटेनरच्या मधे गाडी दोन हात सरकते, थांबते, पुन्हा सरकते. प्रत्येक थांब्याला मी एका बाजूला घसरून एकच चवडा टेकवायचो. एके दिवशी रस्ता त्या बाजूला खोल होता. पाय शोधायला गेला आणि जमीनच सापडली नाही. गाडी सावकाश कलली आणि मी तिच्याबरोबर खाली गेलो. लागलं फारसं नाही, घोटा मुरगळला. दोघातिघांनी गाडी उचलून दिली. मागचा टेम्पोवाला खिडकीतून म्हणाला, "राव, पाय पुरत नाहीत तर घेतली कशाला एवढी घोडी?"

लोक हसले. मीही हसलो. त्या क्षणी मला वाटलं, हे आज तीन वाजता सांगितलं असतं. त्याने चार दिवस पुरेल इतकी थट्टा केली असती.

त्या आठवड्यात मी गॅरेजवर गेलो. भोसरीत वर्कशॉपांच्या गल्लीत एक जण आहे, हात आणि तोंड दोन्ही सारख्या वेगाने चालणारा.

"सर, उंची वाढवायची सोय नाही आपल्याकडं," तो म्हणाला. "गाडीच खाली घेऊ."

मी त्याला सगळं विचारून घेतलं. सवयच आहे, दिवसभर मापंच बघतो. मागे आखूड शॉकअप बसवायचे, पुढचे दांडे पकडीतून वर सरकवायचे, साइड स्टँड कापून पुन्हा वेल्डिंग करायचं. तो म्हणाला, सीटचा फोम कापून बघा आधी. तो मी कापून बघितला होता. पाय होते तेवढेच टेकले आणि पाठ धरली. मी विचारलं, पुन्हा वर करता येईल का? तो म्हणाला, येईल, पण जुने शॉकअप जपून ठेवायला लागतील, आणि एकदा पाय टेकायची सवय लागली की कोणी वर करत नाही.

मग त्याने पाना खाली ठेवला. "मागं कोण बसतं?"

"का?"

"दोन माणसं बसली की ही आणखी खाली बसणार. स्पीड ब्रेकरवर बूड घासणार. म्हणून विचारतो. मागं कोण बसतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग बिनधास्त करा."

मी मात्र लगेच केलं नाही. गाडी अर्धी त्याची होती. आणि खरं सांगायचं तर, गाडी माझ्या मापाची केली की ती त्याच्या मापाची राहणार नाही, हे मला नको होतं. तो येईल आणि त्याचे गुडघे हँडलला लागतील. मी फोन केला. मागे मशीनचा धडधडाट होता, आमच्याच कंपनीची मशीन, आवाज ओळखीचा.

"कर की लेका," तो ओरडून म्हणाला. "तुझी गाडी, तुझं पाय. मला काय विचारतोस?"

आजवर तो तिला आपली गाडी म्हणायचा. मशीनच्या आवाजात माणूस थोडक्यात बोलतो, असं मी स्वतःला सांगितलं. पुढच्या सुट्टीला गाडी खाली करून घेतली. जुने शॉकअप वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या खाटेखाली ठेवले.

पहिल्या दिवशी चौकात दोन्ही तळवे पूर्ण टेकले तेव्हा काय वाटलं ते उंच माणसाला कळणार नाही. इतकी वर्षं मी रस्त्याला बोटांनी चाचपत होतो. आता उभा होतो. गर्दीत छाती धडधडायची थांबली. वळणावर पूर्वीसारखी गाडी वाकवता येत नव्हती, डबल स्टँड म्हणजे रोजचा व्यायाम झाला होता, पण ते मी आनंदाने सोसलं. वडिलांना फोनवर सांगितलं.

"पाय टेकतेत का रे आता?"

"टेकतात, बाबा. दोन्ही."

"मंग झालं की," ते म्हणाले. मागे इस्त्रीचा फस्स आवाज आला. "आणखी काय पायजे मानसाला."

आणि आरसे. ते आता रात्री लावले तसेच सकाळी असायचे. गाडीवर बसलो की हात आपोआप आरशाकडे जायचा आणि करण्यासारखं काही नसायचं.

हिवाळ्याच्या अखेरीस तो आला. एका दिवसासाठी. कंपनीत एचआरकडे काही काम होतं, ते उरकून संध्याकाळी राजगुरुनगरहून नाशिकची बस धरायची आणि तिथून पुढे गुजरात. मी रजा काढली होती. आदल्या दिवशी खोली झाडून घेतली, त्याच्या गादीला ऊन दाखवलं. मला एकच गोष्ट विचारायची होती, परत कधी येतोस. फोनवर ती कितीदा तोंडाशी येऊन राहिली होती. समोरासमोर विचारू, असं ठरवलं होतं.

तो सकाळी परस्पर कंपनीतच उतरला. म्हणजे खोलीवर आलाच नाही. त्याचं काम होईपर्यंत दुपार टळली. पत्र्याखाली गाडी बघून तो थांबला, तिच्याभोवती एक फेरी मारली.

"अरं, ही बसली का काय खाली? कोंबडी बसल्यावानी?"

"तूच म्हणालास, कर."

"म्हनलो व्हय. पर हे पिल्लू केलंस तिचं." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाला, "टेकतात का?"

मी बसून दाखवलं. त्याने मान डोलावली, मनापासून. "हे मातर झ्याक झालं."

चौकातली कोंडी टाळायला आम्ही आतल्या रस्त्याने निघालो, कंपन्यांच्या भिंतींच्या कडेने आणि पुढे वाड्यावस्त्यांमधून. त्या रस्त्यावर ज्याच्या घरासमोर वाटलं त्याने स्पीड ब्रेकर घातला आहे, हवा तसा, हवा तितका उंच. पहिला आला. मी नेहमीच्या सवयीने गेलो. खालून खर्रर्र असा आवाज आला की दोघांच्याही अंगावर काटा आला.

"खाली नांगर लावलाय का रं?" तो मागून ओरडला.

मी थांबलो. वाकून पाहिलं, सायलेन्सरला पांढरा ओरखडा पडला होता. माझ्या एकट्याच्या वजनावर कधी असं झालं नव्हतं. एवढ्या महिन्यांत माझ्या मागे कोणी बसलंच नव्हतं, त्यामुळे मेकॅनिकने सांगितलेलं मी विसरून गेलो होतो.

"असू दे, मी उतरतो," तो म्हणाला.

आणि पुढे तो प्रत्येक स्पीड ब्रेकरला उतरला. पाठीवर बॅग, लांब लांब टांगा. मी गाडी हळूच पलीकडे न्यायचो, तो चालत यायचा, बसायचा. पुढच्याला पुन्हा. एका वस्तीवर ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय झालं पाव्हणं, पंक्चर हाय का?"

"न्हाई आबा, वजन जास्त झालंय माझं," तो म्हणाला. "तिकडं गुजरातेत गोड आमटी खाऊन."

मला हसू आलं आणि वाटलं, आता विचारावं. "पार्टनर, तू..." म्हणेपर्यंत पुढचा स्पीड ब्रेकर आला आणि तो उतरला. परत बसल्यावर मी पुन्हा सुरुवात केली. पुन्हा एक आला. आमचं बोलणं त्या रस्त्यावर तुकड्यातुकड्यांनी चाललं होतं, जसं ते कायमच चालत आलं होतं.

"दे, मी चालवतो," तो अखेर म्हणाला. "तू बस मागं. तुझ्या वजनानं तरी घासायची न्हाई."

त्याचे गुडघे खरोखरच हँडलच्या वर आले. सर्कशीतल्या सायकलवर बसल्यासारखा तो दिसत होता. बसल्याबरोबर त्याचे हात आरशांकडे गेले, आधी उजवा, मग डावा. दोन्ही वर केले. मग आम्ही निघालो आणि पुढच्या स्पीड ब्रेकरला खर्रर्र झालंच. गाडीला काय, पुढे कोण आणि मागे कोण, वजन तेवढंच. आता उतरायची पाळी माझी.

एका ठिकाणी मी उतरलो आणि तो पलीकडे जाऊन थांबला. रस्त्याच्या कडेला कांद्याची पोती रचून ठेवली होती. मी चालत त्याच्यापर्यंत पोचलो, पण बसलो नाही. तो मागे न बघता बोलला.

"आईला घेऊन गेलो तिकडं. मागल्या महिन्यात. घर घेतलंय भाड्यानं, दोन खोल्यांचं."

मी पोत्यातून बाहेर आलेला एक कांदा आत ढकलला.

"तिला करमतंय. शेजारीण मराठीच मिळालीय." मग म्हणाला, "सांगणार व्हतो फोनवर. तू दर वेळेला म्हनायचास, गादीला ऊन दाखवलं."

विचारायचं ते विचारण्याआधीच त्याने सांगून टाकलं होतं. मी म्हणालो, "बरं केलंस. आई एकट्या किती दिवस राहणार." हे मी मनापासून म्हणालो. आई आली म्हणजे घर झालं, हे मला कळत होतं. माझ्या आईला मी अजून इकडे आणू शकलो नव्हतो.

"जाकीट राहू दे खिळ्यावर," तो म्हणाला. "मला तिकडं लागत न्हाई. तुला लांब व्हईल, पर थंडीत बरं. आन् हिला जरा वर घे परत. अर्धी तरी. मागं कुनी बसलं तर?"

"कोण बसणार?"

"बसंल की. बस आता, माझी एसटी जाईल."

राजगुरुनगरच्या स्टँडवर बस लागलेलीच होती. किल्ली त्याच्या हातात होती. ती त्याने माझ्या हातात दिली आणि सवयीने म्हणाला, "पेट्रोल हाय. मागचा ब्रेक ढिला हाय, बघून ठेव." मीही सवयीने मान हलवली. बस निघाली तेव्हा तो खिडकीतून काहीतरी ओरडला. ऐकू आलं नाही. मी हात केला.

मी त्याच रस्त्याने परत आलो. हायवेने येता आलं असतं, पण वळलो त्याच रस्त्याला. पहिला स्पीड ब्रेकर आला तेव्हा आपोआप अंग चोरून घेतलं आणि कान खाली लावले. घासली नाही. दुसऱ्यालाही नाही. कांद्याची पोती गेली, ओटा गेला, म्हातारा आत गेला होता. सगळ्या रस्त्यात गाडी एकदाही घासली नाही.

घरी मावशी जिन्याशीच होत्या. "आला व्हता का त्यो?"

"आला होता. आता नाही येणार. खोलीला दुसरा कोणी असेल तर बघा."

"जेवलास का?" त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता भाकरी आणायला आत गेल्या.

पुढे दुसऱ्या खाटेवर बीड जिल्ह्यातला एक पोरगा आला. चांगला आहे. त्याची स्वतःची गाडी आहे आणि शिफ्टही माझीच आहे. खाटेखालचे जुने शॉकअप मी त्या आधीच गॅरेजवर घेऊन गेलो होतो. मेकॅनिक म्हणाला, "घासतीय का?" मी म्हणालो, एकट्याला घासत नाही. "मग वर कशाला घेताय? पाय सुटतील परत." मी म्हणालो, मागे कोणी बसलं तर? शेवटी आम्ही मधला मार्ग काढला. पुढचं होतं तिथून थोडं वर आणि मागे त्याने कुठूनतरी मधल्या मापाचे, कडक स्प्रिंगचे शॉकअप शोधून बसवले. आता माझे तळवे पूर्ण टेकत नाहीत. टाचा हवेत राहतात. चौकात पूर्वीइतकं निर्धास्त वाटत नाही, पण पडलोही नाही.

दिवाळीत आई-वडील पहिल्यांदा इकडे येणार आहेत. एकेकाला मागे बसवून कंपनी दाखवायची आहे. त्या मुलीला उद्या हेच सांगेन: आई बसत असेल तर पूर्ण खाली घेऊ नकोस, थोडी अडचण सोस.

आरशांचं एवढंच. त्या संध्याकाळी राजगुरुनगरहून निघताना दोन्हीत आभाळ होतं. उजवा मी तिथेच नीट केला, कारण मागून ट्रक येतात. डाव्याला हात लावला नाही. तो अजून तसाच आहे. त्यात तारा दिसतात आणि चाकणच्या बाजूला कधीतरी एखादं धुराडं.